बदकमान

तय्यबभाई, तुमच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
साठाला एक, शंभरला दोन.
मरोळला मुलाकडे हवा चांगली असेल.
इथे नागदेवीत तशीच आहे,
तेल, लोखंडाचा कीस, आणि दुपारी तीनला
समोरून येणारी आल्याची वाफ.

तुम्ही म्हणायचात, जिसको चाहिए वो चलके आएगा.
मीही तेच म्हणायचो, मराठीत.
आणि चाळीस वर्षं लोक चालत आलेही:
सुतार, वखारवाले, देवळांचे विश्वस्त,
नाटकाच्या सेटसाठी कडी शोधणारा एक दाढीवाला.
मग एक बाई आल्या. बिजागरी हातात घेतली,
दुकानातच उभ्या राहून तिचा फोटो काढला,
बोटाने तीनदा वर सरकवलं
आणि म्हणाल्या, हीच इथे पस्तीसला आहे, घरपोच.
तीच नव्हती.
वर पितळेचा मुलामा, आत जस्त.
पण सांगायचं कुणाला?
फोनला वजन कळत नाही.

दिवाळीनंतर हेमांगीने जमिनीवर पांढरी चादर अंथरली.
चारशे बारा खण उपसले.
एकेक वस्तू चादरीवर, शेजारी पट्टी, वरून दिवा.
पहिल्या दिवशी मला बघवेना,
मयताची तयारी चालल्यासारखं वाटलं.
"नाव?" ती विचारायची.
मुकी कडी. वाजत नाही ती.
सासूखिळा. एकदा बसला की निघत नाही.
बदकमान.
"बाबा, हे असं कोण शोधणार?"
कोणी नाही. ही नावं माझ्या वडिलांच्या तोंडातली,
दुकानाच्या उंबऱ्यापलीकडे कधी गेलीच नाहीत.
तिने दोन्ही लिहिली,
वर जगाचं नाव, खाली आमचं.

"आणि खणावर 'मन' का लिहिलंय?"

तय्यबभाई, तुमच्याकडेही असेलच असं काही.
वडिलांनी ते मला नायर हॉस्पिटलात सांगितलं,
नाकातली नळी बाजूला सारून, कानात:
घरातून चिमणी पळेल.
दहा अक्षरं, दहा आकडे.
घ एक, र दोन, शेवटचा ल शून्य.
मन म्हणजे चौसष्ट, खरेदीचा भाव.
देवळातल्या मोठ्या घंटेवर लिहिलंय मरण,
सहाशे सत्तावीस.
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठेवून
पन्नास वर्षं लपवलेलं
मी पोरीला सांगितलं, तिने मशीनला,
आणि त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीत झांझिबारहून निरोप आला.
कुणा बाईंच्या घराचं जुनं दार,
त्यावर हीच बदकमान, एकीची चोच तुटलेली.
अकरा हव्यात.
इथूनच गेली असणार कधीतरी,
गलबतातून, बिनबिलाची.
ती बाई चालत आली नसती, तय्यबभाई.
मध्ये समुद्र आहे.

सगळं गोड झालं असं नाही.
कुरियरचा खर्च मालाहून जास्त,
दोन बदकमानी मापात चुकल्या, परत आल्या.
आणि महिन्याभरात आमचाच फोटो
दुसऱ्याच कुणाच्या दुकानावर, एकोणचाळीसला,
आमच्या चादरीची सुरकुतीसुद्धा तीच.
मी ओरडलो. हेमांगी म्हणाली,
खणात होतो तेव्हा आपल्याला चोरायलाही
कुणी येत नव्हतं.
यावर मला उत्तर सुचलेलं नाही अजून.

परवा ती म्हणाली, पासवर्ड बदलायचाय,
निदान दहा अक्षरी हवा.
मी हसलो तर तीही हसली.
आता तुम्हालाही कळलाय, आज रात्री दुसरा शोधेन.

ते असो. तुमची पेटीकुलपं,
ती दोन किल्ल्यांची, दुसरी किल्ली उलटी फिरायची,
मरोळच्या माळ्यावर असतील ना तीन खोकी?
मुलगा भंगार म्हणतो, कळलं मला.
देऊ नका.
रविवारी टेम्पोत टाकून इकडे आणा.
चादर धुऊन ठेवलीय.